रणभूमीचा प्रवासी आणि दगडावरची नावे
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

युद्ध संपले की काही वर्षांत रणांगणावर गवत उगवते, आणि मग त्या गवतावरून प्रवासी चालू लागतात. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी दोस्तांचे सैन्य उतरले. ज्या वाळूत त्या सकाळी माणसे कोसळली, त्याच वाळूत आता उन्हाळ्यात मुले किल्ले बांधतात. किनाऱ्याच्या वर, कोलव्हिल येथील पठारावर, नऊ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांच्या कबरी एका रेषेत उभ्या आहेत. तेथून थोड्या अंतरावर ला कांब येथे एकवीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. दोन्ही ठिकाणी माणसे जातात, डोक्यावरची टोपी काढतात, क्षणभर गप्प उभी राहतात. युरोपच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबेही आता अशा स्थळी थांबू लागली आहेत.

या प्रवासाकडे दोन प्रकारे पाहिले जाते. काहींना ते पवित्र कर्तव्य वाटते, तर काहींना मरणाचा बाजार. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे. परंतु या दोहोंपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. रणभूमीवर गेलेला प्रवासी तेथे नेमके काय वाचतो? स्मारकाचा दगड बोलतो, आणि काही बाबतींत तो मुद्दाम गप्पही राहतो. ज्याला दगडावरचे अक्षर वाचता येते पण दगडावरची रिकामी जागा वाचता येत नाही, तो प्रवासी अर्धाच प्रवास करून परततो.

शुक्रवार पेठेतून निघणाऱ्या माणसाला रणांगण पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. सोलापूरचा भुईकोट किल्ला १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेने वेढा घालून घेतला. पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकी ही एक. आज त्या तटाच्या सावलीत लोक फिरायला जातात. मन्रोचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. पण त्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी पडलेल्या साध्या शिपायांपैकी एकाचे तरी नाव फिरायला येणाऱ्याला सांगता येईल काय? सेनापतीला चरित्र मिळते आणि शिपायाला आकडा, हा युद्धाच्या इतिहासाचा जुनाच नियम आहे.

या नियमाला महाराष्ट्रातच एक मोठा अपवाद घडला. त्याच वर्षी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेच्या काठी कोरेगावला लढाई झाली, आणि पुढे कंपनी सरकारने तेथे विजयस्तंभ उभारला. स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू स्वतःच्या सत्तेचा गौरव करण्याचा होता, यात शंका नाही. परंतु त्या स्तंभावर कामी आलेल्या ४९ जणांची नावे कोरली गेली, आणि त्यांपैकी २२ नावे महार शिपायांची होती. नावाअखेरच्या ‘नाक’ या अक्षरांनी त्यांची ओळख टिकून राहिली. शंभराहून अधिक वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि साम्राज्याने आपल्या कीर्तीसाठी उभारलेला दगड अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या स्वाभिमानाचा दगड झाला. दगड जेत्याचा होता, वाचन मात्र वंशजांचे होते. हे वाचन शक्य झाले ते एकाच कारणाने: नावे कोरलेली होती. आकडा कोरला असता तर वंशज कोणाच्या नावावर बोट ठेवणार होते?

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न साऱ्या जगासमोर उभा राहिला. मृतांची संख्या इतकी प्रचंड होती की १९१७ साली ब्रिटिश साम्राज्याने युद्धातील कबरींसाठी स्वतंत्र आयोग नेमला. आयोगाने जे तत्त्व स्वीकारले ते त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक होते. सरदाराचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा यांच्या कबरीवर एकाच मापाचा दगड बसेल. हुद्दा, वंश आणि धर्म यांवरून भेद होणार नाही. प्रत्येक मृताचे नाव कोठे ना कोठे कोरले जाईल. जिवंतपणी जी समता मिळाली नाही, ती मरणानंतर देण्याचे हे वचन होते.

हे वचन पाळायचे ठरवले की किती काटेकोरपणे पाळता येते, याचा पुरावा पुण्याजवळ खडकीला आहे. तेथील युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या कबरींची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, त्या तेथे एकत्र आणल्या गेल्या. त्याच आवारातील स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात या देशात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक जणांची नावे आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडी येथून तेथे हलविण्यात आले. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन पंधरा वर्षे झाली होती, साम्राज्य मावळले होते. तरी अर्धशतकापूर्वी मेलेल्या सैनिकाचे नाव हरवू नये म्हणून एवढी खटपट करण्यात आली. ती खटपट योग्यच होती. तिच्यावर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो दुसरीकडे झालेल्या हेळसांडीवर.

ती हेळसांड पाहण्यासाठी इराकच्या वाळवंटाकडे वळावे लागेल. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणी आखाताच्या टोकाला फाव येथील किनाऱ्यावर हिंदी फौजेची एक ब्रिगेड उतरली. त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. नॉर्मंडीच्या किनाऱ्याचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. फावचा किनारा मराठी वाचकाच्या कानावरूनही गेलेला नसतो. पुढे १०३ वी आणि ११० वी मराठा पलटणही त्याच मोहिमेत आली. बगदाद जिंकण्याच्या घाईत जनरल टाउनशेंडची फौज फार पुढे गेली, मागे रेटली गेली आणि टायग्रिसच्या वळणावरील कुट या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा चालला. अन्न संपले, घोडे कापले गेले; घोड्याचे मांस खाणे धर्माला सोडून आहे म्हणून हिंदी शिपायांनी ते बराच काळ नाकारले आणि उपासमारीने खंगले. अखेर सुमारे तेरा हजार माणसे शत्रूच्या हाती गेली.

यापुढचा भाग युद्धाच्या इतिहासात वर्गभेद म्हणजे काय ते शिकवणारा आहे. शरण गेलेल्या सेनापतीला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या एका रम्य बेटावर बंगल्यात ठेवले. साध्या शिपायांना मात्र उन्हातान्हात वाळवंट तुडवत उत्तरेकडे नेले गेले. वाटेत हजारो पडले, आणि जे पोहोचले त्यांपैकी अनेकांना डोंगर फोडून रेल्वेचे बोगदे खणण्याच्या कामाला जुंपले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची ही माणसे. घरची शेती तोकडी, पावसाचा भरवसा नाही, म्हणून दरमहा अकरा रुपयांवर ती पलटणीत भरती झाली होती.

त्यांचे स्मारक बसऱ्याला आहे. १९२९ साली उभारलेल्या या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ज्यांची कबर सापडत नाही अशांची ही नोंद. ब्रिटिश शिपायाचे त्यावर नाव आहे. हिंदी पलटणींतील अधिकाऱ्यांचे नाव आहे. परंतु हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांच्यासाठी दगडावर काय आहे? पलटणीचे नाव, आणि त्याखाली आकडा. अमुक पलटणीचे इतके. बस्स!

या भेदाचे समर्थन करताना असे सांगितले जाई की हिंदूंचे दहन होते, त्यामुळे त्यांची कबर नसते, आणि त्यांना नावाच्या दगडाचे महत्त्व नाही. हे समर्थन टिकणारे नाही. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे १९२७ साली त्याच आयोगाने हिंदी सैनिकांचे स्मारक उभारले. तेथे ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक व मजूर यांची नावे आहेत. नागभूमीतील कोहिमा येथे, १९४४ च्या लढाईच्या जागेवर, कबरींच्या शेजारीच दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचे स्मारक आहे, आणि तेथेही प्रत्येकाचे नाव आहे. म्हणजे दहन झालेल्याचे नाव कोरता येते. एकाच साम्राज्याचा, त्याच गणवेशाचा शिपाई फ्रान्समध्ये मेला तर त्याला नाव मिळाले आणि मेसोपोटेमियात मेला तर नंबर. फ्रान्समध्ये युरोपातील प्रवासी पाहायला येणार होते. बसऱ्याच्या धक्क्यावर अकरा रुपयांच्या शिपायाची विधवा कोठून येणार होती? ज्यांच्याकडे पाहणारा कोणी येणार नाही, त्यांची नावे गाळली तरी चालते, असा हा हिशेब होता.

त्या स्मारकाचे पुढे झाले तेही विलक्षण आहे. १९९७ साली इराकच्या सत्ताधाऱ्यांनी ते बसऱ्याच्या नौदल गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर जसेच्या तसे उभे केले. ती नवी जागा १९९१ च्या आखाती युद्धाचे रणांगण होती. एका युद्धाचे मृत दुसऱ्या युद्धाच्या मैदानावर जाऊन उभे राहिले.

ही तक्रार भारतीयांच्या भावनेपुरती आहे, असे आता कोणाला म्हणता येणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्याच आयोगाने आपल्या इतिहासाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांचे स्मरण नावाने झालेच नाही किंवा अजिबात झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. हे मृत प्रामुख्याने भारत, आफ्रिका आणि इजिप्तमधील होते. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये दिलगिरी व्यक्त केली. त्या शिपायांच्या मुलांपैकी ती ऐकायला त्या वेळी क्वचितच कोणी उरले असेल.

येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते आणि तिला बगल देता येत नाही. हे शिपाई साम्राज्याचे होते. ज्या सत्तेविरुद्ध सोलापूर लढले, त्या सत्तेच्या पगारावर ते लढले. स्वातंत्र्यलढ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांची आठवण का ठेवावी?

या शंकेचे उत्तर सोलापूरच्याच इतिहासात आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटले. गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला, काही दिवस सरकारी सत्ता शहरातून नाहीशी झाली, आणि १२ मेपासून मार्शल लॉ पुकारण्यात आला. मार्शल लॉ म्हणजे सरकारने स्वतःच्याच प्रजेविरुद्ध केलेली युद्धघोषणा. त्या अर्थाने सोलापूरचे रस्ते हेही रणांगणच. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. बरोबर एक महिन्याने, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी महायुद्धातील हिंदी मृतांच्या स्मारकाचे, म्हणजे आजच्या इंडिया गेटचे, उद्घाटन केले. सत्तर हजारांहून अधिक हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या त्या कमानीवर सुमारे तेरा हजार नावे कोरली गेली.

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे साम्राज्याचे खरे रूप दिसते. त्याच्यासाठी मरणाऱ्या हिंदी माणसाला त्याने कमान दिली, त्याच्याविरुद्ध उभे राहणाऱ्याला फास दिला; आणि दोघांपैकी कोणालाही त्याने आपल्या बरोबरीचा माणूस मानले नाही. कुटच्या वेढ्यात उपाशी मेलेला साताऱ्याचा शिपाई आणि येरवड्याला फासावर गेलेला सोलापूरचा कार्यकर्ता यांच्या मार्गांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांचे मोठेपण एकाच तराजूत तोलता येणार नाही. परंतु शिपायाला ज्या दारिद्र्याने भरतीच्या रांगेत उभे केले, त्याच दारिद्र्याने गिरणीकामगाराला रस्त्यावर आणले. पहिल्याचा उपयोग करून घेतला गेला, दुसऱ्याने नकार दिला. नकार देणाऱ्याचा गौरव करताना, उपयोग करून घेतलेल्याचे नाव पुसणे हे साम्राज्याचेच काम पुढे चालवणे होईल. सोलापूरने आपल्या चार हुतात्म्यांचे पुतळे चौकात उभे केले, त्यांची नावे मुलांना पाठ आहेत. नाव जपणे म्हणजे काय ते या शहराला कोणी शिकवण्याची गरज नाही.

नाव जपले म्हणजे शत्रुत्वही कसे विरघळते, याचे उदाहरण इटलीत आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना मारले गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या कबरीचा पत्ता नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. परंतु २०२३ साली मोंतोने या लहानशा इटालियन गावाने त्यांचे स्मारक उभारले. त्यावर तोफ किंवा तलवार नाही. ते एक सावलीचे घड्याळ आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे वाक्य त्याचे ब्रीद आहे. ज्या मुलखात एक कोकणी तरुण परक्यांच्या युद्धात मेला, त्या मुलखाने ऐंशी वर्षांनी त्याला आपल्या उन्हात जागा दिली. रणभूमी पाहायला जाणाऱ्याने अशा ठिकाणी थांबावे.

आणि सोलापूरकराने तर याहून पुढे, चीनपर्यंत जावे. कारण या शहराचा एक मुलगा परक्या रणभूमीवर गेला तो औषधाची पेटी घेऊन. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोटणीस होते. चौघे परत आले. कोटणीस आघाडीवरच राहिले, चिनी भाषा शिकले, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील परिचारिका को चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीच्या मांडीवर त्या वेळी काही महिन्यांचा मुलगा होता.

शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. बेथून आणि डॉ. कोटणीस यांची समाधिस्थाने आहेत. १९६२ साली दोन देशांत युद्ध झाले, नंतरही सरहद्दीवर रक्त सांडले. पण चीनने १९८२ साली कोटणिसांच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षी त्यांची टपाल तिकिटे काढली, आणि भारतानेही १९९३ साली तिकीट काढले. सैनिकांच्या स्मशानभूमीत एका परदेशी डॉक्टरला एवढा मान मिळतो, याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. ते कोणाला मारण्यासाठी तेथे गेले नव्हते. म्हणून त्यांच्या समाधीपुढे उभे राहताना कोणत्याही देशाच्या प्रवाशाला मान खाली घालावी लागत नाही.

मित्रहो, या साऱ्यातून प्रवाशाने घ्यायचे ते इतकेच. रणभूमीवर अवश्य जावे, मुलांनाही न्यावे. पण तोफेवर बसून छायाचित्र काढण्याआधी स्मारकावरची निदान दहा नावे मोठ्याने वाचावीत. नावांच्या जागी आकडा दिसला तर थांबून विचारावे: हा आकडा कोणी लिहिला, आणि नाव लिहिण्याची गरज त्याला का वाटली नाही? ज्याने युद्धाचा निर्णय घेतला तो कोठे मेला, आणि ज्याने तो निर्णय अंगावर घेतला तो कोठे मेला, हेही विचारावे. एवढे विचारणारा प्रवासी युद्धाचा भाट होत नाही.

जे परदेशी जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी काम गावातच आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी या देशातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, हे आज महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण जेथे केवळ आकड्याची पाटी चावडीच्या भिंतीवर धूळ खात आहे, तेथे त्या आकड्याखालची नावे कोणी शोधायची? पंजाबात भरती झालेल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून होत्या. त्या अलीकडे उघडल्या गेल्या आणि हजारो घरांना आपला पणजोबा सापडला. महाराष्ट्रातही पेन्शनचे कागद आहेत, माळ्यावरच्या पेटीत काळवंडलेली पदके आहेत, आणि त्या पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव कोरलेले आहे. जे साम्राज्याच्या दगडावर आले नाही ते शिपायाच्या घरच्या धातूवर आहे.

शाळेने हे काम सुट्टीत हाती घ्यावे, ग्रामसभेने ठराव करावा, आणि जुन्या पाटीच्या खाली नवी पाटी बसवावी. जुनी पाटी काढू नये. तीही इतिहासच आहे. तिच्याखाली फक्त नावे लिहावीत: बापाच्या नावासह, आडनावासह, आणि जात न लिहिता. मग एखाद्या सकाळी शाळेत जाणारे पोर त्या पाटीपुढे थांबेल आणि आपलेच आडनाव वाचेल.